नव्या माणसाला उभं करू नका

आमच्या चर्चमध्ये एक जुनी पद्धत होती. संदेश, म्हणजे प्रवचन, संपला, दान गोळा झालं की सेक्रेटरी अंकल माइकपाशी यायचे, आठवड्याच्या सूचना वाचायचे आणि शेवटी म्हणायचे, ‘आज हमारे बीच जो नए भाई-बहन आए हैं, कृपया अपनी जगह पर खड़े होकर अपना परिचय दें.’ मग सगळ्या माना एकदम मागे वळायच्या. उभं राहिलेल्याने नाव, गाव, आधी कुठल्या चर्चमध्ये जायचा ते सांगायचं, मंडळीने टाळ्या वाजवायच्या आणि तो खाली बसला की स्वागत पार पडलं. पद्धत प्रेमापोटीच सुरू झालेली, यात शंका नाही. पण मी बसते तिथून उभ्या राहिलेल्या बायकांचे हात दिसतात. एका रविवारी एक मुलगी, बहुधा नर्सिंगची, ओढणीचं टोक बोटाभोवती इतकं घट्ट गुंडाळत होती की बोट पांढरं पडलं. तिने सांगितलेलं नाव पुढच्या बाकालासुद्धा ऐकू गेलं नसेल. ‘ज़ोर से, बेटी,’ कोणीतरी म्हणालं. ती परत आली नाही.

मी नगरकडची, लग्न होऊन इंदूरला आले. माहेरी उपासना मराठीत, इथे हिंदीत. सासरची मंडळी मिशनच्या काळापासून इथली. कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनचे लोक १८७७ मध्ये इंदूरला आले, त्यांनीच १८८७ मध्ये इंदूर ख्रिश्चन कॉलेज काढलं. त्या कॉलेजच्या आठवणी आमच्या घरात जेवताना मीठ मागावं इतक्या सहज निघतात. गेल्या वार्षिक सभेत पास्टरसाहेबांनी विषय काढला की लोक येतात, दोन-तीन रविवार दिसतात आणि नाहीसे होतात, यावर कोणीतरी बसून विचार करा. चौघांची समिती झाली आणि त्यात माझं नाव घातलं गेलं. कारण काय, तर ‘तुम तो बाहर से आई थीं, तुम्हें मालूम होगा.’ माझी मुलं इथे शाळा शिकून कॉलेजात गेली, तरी मी अजून ‘बाहर से’च. असो. नव्या माणसाचं दुखणं ओळखायला ही पात्रता वाईट नाही.

आम्ही सुरुवात केली ती आलेल्यांना नव्हे, गेलेल्यांना विचारून. व्हिजिटर्स रजिस्टर नावाची एक लांबडी वही होती, तिच्यात फोन नंबर होते. पास्टरसाहेबांची परवानगी घेऊन आम्ही वाटून फोन केले. तुम्ही का येत नाही, असा जाब विचारायचा नाही, एवढं ठरवलं होतं. ‘आमच्याकडे येऊन गेलात, काही अडचण झाली का,’ एवढंच. काहींनी फोन उचलले नाहीत, काही इंदूर सोडून गेले होते, काहींना दुसरं चर्च घराजवळ सापडलं होतं. पण जे मोकळेपणाने बोलले, त्यांच्या बोलण्यात संदेशाबद्दल, गाण्यांबद्दल, पास्टरसाहेबांबद्दल तक्रार अशी जवळजवळ नव्हतीच. तक्रारी होत्या गेटबद्दल, बाकांबद्दल आणि उपासनेच्या शेवटी आशीर्वाद झाल्यानंतरच्या दहा मिनिटांबद्दल.

गेटचं आधी सांगते, कारण त्यात आम्हाला हसूही आलं. इंदुरात रिक्षावाल्याला नुसतं ‘चर्च’ सांगितलं तर तो व्हाइट चर्चला नेतो, नाहीतर रेड चर्चला. त्यातलं दुसरं कॅथलिक कॅथेड्रल, पण रिक्षावाल्याला त्याच्याशी काय. आमचं चर्च गल्लीत. मोबाइलच्या नकाशावर जी खूण होती ती मागच्या फाटकावर पडत होती, आणि ते फाटक रविवारी कुलूपबंद. कारण गाड्या लावायला तीच जागा. म्हणजे नवा माणूस नकाशा पाहत बरोबर पोचायचा, आतून गाण्याचा आवाज ऐकायचा आणि कुलपापुढे उभा राहायचा. पिथमपूरला नोकरीला आलेल्या एका गृहस्थांनी सांगितलं की बायको-मुलाला घेऊन ते दोनदा त्या फाटकावरून परत गेले. तिसऱ्यांदा आले नाहीत. इतकी वर्षं आम्ही सगळे पुढून आत जात होतो, त्यामुळे हे कोणाच्या गावीही नव्हतं.

नकाशावरची खूण तरुण संघाच्या मुलांनी बदलली. मागच्या फाटकावर बाण काढलेली पाटी लागली. आणि पुढच्या गेटवर कोणीतरी उभं राहायला हवं, यावर चर्चा सुरू झाली. आमच्यातल्या एका उत्साही बाईंचं म्हणणं होतं की कॉलेजच्या मुली एकसारख्या साड्या नेसून, हातात गुलाब घेऊन उभ्या कराव्यात. पास्टरसाहेब हसले आणि त्यांनी संत बेनेडिक्टची गोष्ट सांगितली. सहाव्या शतकात त्यांनी आपल्या मठांसाठी नियम लिहिले, त्यात येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ख्रिस्तच आला असं समजून घ्यावं, असं आहे. हे मी ऐकलेलं होतं. पण दाराबद्दलही त्यात वेगळं प्रकरण आहे, हे माहीत नव्हतं. दारावर एक समजूतदार म्हातारा माणूस नेमावा, ज्याला निरोप घेता येतो, देता येतो आणि वयामुळे ज्याला इकडेतिकडे भटकायची हौस उरलेली नाही! आमच्याकडे असा माणूस तयारच होता. रेल्वेतून निवृत्त झालेले, गुडघे धरलेले, पण डोळा तीक्ष्ण. त्यांना गेटपाशी खुर्ची दिली. ते हात जोडून ‘जय मसीह की’ म्हणतात, चप्पल काढावी लागत नाही हे आपणहून सांगतात, बाथरूम कुठे ते सांगतात आणि लहान मूल असेल तर मागच्या खोलीचं दार दाखवतात. नाव विचारत नाहीत. हे नाव न विचारणं त्यांच्याकडून घोटून घ्यावं लागलं. आपल्याकडे नावापाठोपाठ आडनाव येतं, आडनावापाठोपाठ ‘मूळचे कुठले’ येतं आणि मग माणूस आत येण्याआधीच कुठेतरी बसवला जातो.

बाकांचं दुखणं जास्त नाजूक. आमच्याकडे डावीकडे बायका, उजवीकडे पुरुष असं बसतात. सक्ती नाही, पण आहे. पुण्याहून बदलून आलेलं एक जोडपं उजवीकडे एकत्र बसलं, तर मागून कोणीतरी त्या मुलीच्या खांद्याला हात लावून ‘बहन, उधर’ म्हणालं. शिवाय बाकांवर पितळी पट्ट्या आहेत, अमुक यांच्या स्मरणार्थ तमुक यांनी दिलं. देणारे गेले, नातवंडं मात्र त्याच बाकावर बसतात, आणि तिथे परका दिसला तर तोंडाने काही बोलत नाहीत, नुसते शेजारी येऊन उभे राहतात. समोरचा मुकाट्याने उठतो. मी एका रविवारी हे मुद्दाम पाहत बसले तेव्हा लक्षात आलं की मागची तीन बाकं आमच्या नियमित लोकांनीच भरलेली असतात, दाराजवळ, लवकर सटकायला बरं म्हणून. उशिरा आलेल्या नव्या माणसाला सगळ्यांच्या देखत पुढे चालत जावं लागतं.

आम्ही मागची बाकं रिकामी ठेवायला सांगितली. लोकांनी ऐकलं नाही. मग चार-पाच सभासदांनाच तिथे बसायला सांगितलं, पण कडेला, म्हणजे आतली जागा मोकळी राहील, आणि काम एकच: शेजारी नवा कोणी आला तर गीतपुस्तक योग्य पान उघडून त्याच्या हातात द्यायचं. आमच्याकडे दोन पुस्तकं आहेत, गीतांचं वेगळं आणि भजनांचं वेगळं, आणि माइकवरून नुसता नंबर सांगितला जातो. कोणत्या पुस्तकातला नंबर, हे आमच्या लोकांना पहिल्या सुरावरून कळतं. बाकीचे पानं चाळत राहतात, तोवर दोन कडवी होऊन जातात. उघडं पुस्तक हातात आलं की त्या माणसाचे खांदे खाली येतात, हे मी पाहिलं आहे. एवढ्या स्वस्तात एवढा फरक पाडणारी दुसरी गोष्ट आम्हाला सापडली नाही.

आता उभं करण्याची पद्धत. ती बंद करायची म्हटल्यावर सेक्रेटरी अंकलना लागलं. साहजिक होतं, त्यांचा तो वाटा होता आणि ते तो मनापासून करत. ‘मेहमान का नाम भी न पूछें? यह कैसा स्वागत?’ पंचायत बराच वेळ चालली. एका काकांनी विचारलं, की मंडळीला कळणार कसं कोण नवीन आहे? यावर माझ्या शेजारच्या बाईंनी थेट सांगितलं, ‘भाईसाहब, शेजारी बसलेल्याकडे पाहिलं की कळतं.’ शेवटी असं ठरलं की अंकल माइकवरून म्हणतील, आज प्रथमच आलेल्यांचं मनापासून स्वागत आहे, उपासनेनंतर चहा आहे, जरूर थांबा. आणि दानाची थैली फिरायच्या आधी म्हणतील, की हे दान मंडळीच्या सभासदांसाठी आहे, पाहुण्यांनी काही घालायची गरज नाही. हे दुसरं वाक्य माझं. थैली जवळ येताना खिसे चाचपणारे, पाकिटात फक्त पाचशेची नोट पाहून अडचणीत पडणारे चेहरे मला माहीत आहेत. खजिनदारांनी कुरकुर केली, पण दान काही कमी झालं नाही.

चहा मात्र आधीपासून होता, आणि खरं घोडं तिथेच अडत होतं. फोनवर सगळ्यात जास्त वेळा ऐकलेली गोष्ट हीच: उपासना छान झाली, मग बाहेर आलो, हातात कप घेऊन उभा राहिलो, सगळे आपापल्या घोळक्यात बोलत होते, कप संपला, निघून आलो. परक्या लग्नात मांडवात उभं राहावं तसं. माइकवरच्या स्वागताचं कौतुक कोणी केलं नाही, पण या दहा मिनिटांची आठवण प्रत्येकाला होती. भंवरकुआला राहून एमपीपीएससीची, म्हणजे मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची, तयारी करणारा अलीराजपूरचा एक मुलगा म्हणाला, ‘आंटी, चर्च में तो सब अच्छे थे. चाय पर कोई नहीं था.’ हे वाक्य मी समितीत जसंच्या तसं वाचून दाखवलं.

आमचे लोक माणुसघाणे नाहीत. आठवडाभर न भेटलेली भावंडं, विहिणी, जुने सहकारी तिथे भेटतात. त्यात मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पास्टरेट कमिटीची माणसं एकमेकांना धरून हिशोब, छपराची गळती, निवडणूक असले विषय तिथेच उरकतात. सगळ्यांकडे बोलायला कोणीतरी असतं, म्हणून ज्याच्याकडे कोणी नाही तो दिसत नाही. दुसऱ्या ठिकाणच्या काही मंडळ्यांत एक साधा नियम चालतो, तो पास्टरसाहेबांनी सुचवला: आशीर्वादानंतरची पहिली दहा मिनिटं, ज्याला आपण ओळखत नाही त्याच्याशी बोलायचं, आपली माणसं नंतर. आणि कमिटीचं काम चहावर काढायचं नाही.

पहिल्या रविवारी जे झालं ते सांगण्यासारखं आहे. एकच नवा माणूस आला होता, आणि त्याच्यावर निम्मी मंडळी तुटून पडली. एकाच वेळी तीन जणांनी त्याला बिस्किटं दिली. तो घामाघूम झाला. दुसऱ्या रविवारी लोक विसरले. पुढे हळूहळू जमलं, आणि जमलं ते नियमामुळे नव्हे, दोन-तीन माणसांमुळे. एक निवृत्त शाळामास्तर आहेत, ते प्रश्न विचारत नाहीत, स्वतःबद्दल काहीतरी लहानसं सांगतात, ‘मला या चहात साखर जास्त लागते’ असलं, आणि मग गप्प राहतात. समोरचा बोलायला लागतो. ‘क्या करते हो, कहाँ रहते हो, शादी हुई?’ या तोफखान्यापुढे गप्प झालेली मुलं त्यांच्यापाशी अर्धा तास उभी असतात. मास्तर मग त्यांना त्यांच्या वयाच्या कोणाशी तरी गाठ घालून देतात आणि बाजूला होतात. हे बाजूला होणं फार थोड्यांना जमतं.

आणि इथे एक गोष्ट समोर आली जी कागदावर आणायला समितीतल्या दोघांचा विरोध होता. सुपर कॉरिडॉरवरच्या आयटी कंपनीत लागलेला एक इंजिनिअर पहिल्यांदा आला, त्याला त्याच दिवशी तीन घरांतून जेवायचं बोलावणं गेलं. त्याच महिन्यात झाबुआ-अलीराजपूरकडची भिलाला, भिल्ल आदिवासी मुलं-मुली येत होती, काही तर वर्षभर येत होती. त्यांना एकाही घरातून बोलावणं नव्हतं. ती मुलं मागे बसायची, मागेच उभी राहायची. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात नेमका हाच प्रसंग आहे: सोन्याची अंगठी घातलेला सभेत आला की त्याला चांगली जागा आणि मळक्या कपड्यातल्याला ‘तू तिथे उभा राहा’. दोन हजार वर्षं जुनं पत्र, आणि त्यावर आमच्याकडे दरवर्षी संदेश होतो. मी म्हटलं, की हे अहवालात नसेल तर माझी सही नाही. शेवटी गेलं, पण नावं आणि गावं गाळून. वाचून दाखवलं तेव्हा सभेत कोणी काही बोललं नाही. नंतर स्त्री मंडळाने महिन्यातून एकदा उपासनेनंतर हॉलमध्येच साधं जेवण सुरू केलं, वरण-भात, भाजी, आणि वाढायला त्या मुलांनाही घेतलं. घरी बोलावणं अजून दुर्मीळच आहे. मी आमच्या घरी बोलावते, तर सासूबाई ताटं कोणती काढायची हे आपण होऊन विचारतात, तेवढ्यावरून मला कळतं की मजल अजून बाकी आहे.

प्रभुभोजनाचा, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या विधीचा, विषय निघाल्याशिवाय हे पूर्ण होणार नाही. आमचं चर्च ज्यात मोडतं ते चर्च ऑफ नॉर्थ इंडिया १९७० मध्ये नागपूरला सहा मंडळ्या एकत्र येऊन झालं. त्यात अँग्लिकन होते, प्रेस्बिटेरियन होते, बॅप्टिस्ट होते. म्हणून आमच्याकडे तान्ह्या बाळाचाही बाप्तिस्मा होतो आणि मोठेपणी बुडवूनही होतो, आणि दुसऱ्या मंडळीतला, प्रभुभोजन घेणारा सभासद आमच्या वेदीपाशी येऊ शकतो. पण हे नव्याला कोण सांगणार? कॅथलिक घरातून आलेली मलयाळी नर्स जागेवर बसून राहते, शेजारीण कोपराने ढोसते, ‘चलो ना’. याउलट जे ख्रिस्ती नाहीत ते रांग लागली की सहज रांगेत येतात, ओंजळ पुढे करतात. आपल्याकडे देवळात प्रसाद नाकारत नाहीत, तेव्हा त्यांचं काय चुकलं? पूर्वी अशा वेळी पास्टरसाहेब वेदीपाशी हळूच विचारायचे, ‘बपतिस्मा हुआ है?’ आणि तो माणूस सगळ्यांसमोर खाली मान घालून परतायचा.

आता भाकर मोडण्याआधी ते तीन गोष्टी सांगतात. कोणत्याही मंडळीत बाप्तिस्मा होऊन प्रभुभोजन घेणाऱ्यांनी यावं. बाकीच्यांनी यायचं असेल तर हात छातीवर आडवे धरून यावं, त्यांच्यासाठी आशीर्वादाची प्रार्थना होईल. आणि बसून राहायचं असेल तर तेही तितकंच बरं आहे. हे तिसरं फार महत्त्वाचं. बसून राहणाऱ्याला उठवू नका, असं आम्ही मागच्या बाकावरच्या सभासदांना वेगळं सांगितलं.

मग आला नाताळ. २५ डिसेंबरला आमच्याकडे वर्षभरात येत नाहीत इतके लोक दुपारनंतर येतात, बहुतेक शेजारपाजारचे हिंदू, मुलांना येशूजन्माचा गोठा दाखवायला, मेणबत्ती लावायला, फोटो काढायला. आमच्या काही लोकांना ही गर्दी नको असते. गेट लवकर बंद करा, असं दरवर्षी कोणीतरी म्हणतं. मला हा दिवस सर्वांत आवडतो. गेल्या नाताळात रामबागेकडच्या एक वयस्कर बाई नातवाला घेऊन आल्या, नऊवारी नव्हे पण काठापदराची साडी, हातात पेढ्यांचा पुडा. दारातच चप्पल काढून उभ्या राहिल्या. सुनेशी मराठीत बोलताना ऐकलं म्हणून मी म्हटलं, ‘काकू, चप्पल असू द्या, चालते इथे.’ त्यांना केवढं बरं वाटलं! मग एकेक विचारलं. मूर्ती कुठे आहे? पेढे कुठे ठेवायचे? प्रदक्षिणा असते का? मी सांगितलं, की आमच्या चर्चमध्ये मूर्ती नसते, फक्त क्रूस आहे, तिथे पुढे जाऊन हात जोडून उभं राहिलं तरी चालतं, मेणबत्ती त्या वाळूच्या ट्रेमध्ये लावा. पेढे कुठे ठेवायचे याला मात्र माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी म्हटलं, की इथे नैवेद्य नसतो, पण गेटवरच्या आजोबांना द्या, ते फार खूश होतील. त्यांनी दिले, आजोबा खूश झाले, नातवाने गोठ्यातल्या गाढवाच्या कानाला हात लावला.

त्या बाईंना मी यापेक्षा जास्त काही सांगितलं नाही, पुस्तिका दिली नाही, फोन नंबर घेतला नाही. ते मुद्दाम. मध्य प्रदेशात धर्मांतराविषयीचा कायदा १९६८ पासून होता, २०२१ मध्ये त्याच्या जागी नवा, जास्त कडक कायदा आला. धर्म बदलायचा असेल तर जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे ६० दिवस आधी कळवावं लागतं, विधी करणाऱ्यालाही; आणि ‘प्रलोभन’ या शब्दाच्या व्याख्येत भेटवस्तूसुद्धा बसते. परदेशी पुस्तकांत लिहिलेलं असतं की नवीन पाहुण्याला भेटीची पिशवी द्या, आत कप, चॉकलेट, पुस्तिका. आमच्या त्या गुलाबवाल्या बाईंनी ती यादीसुद्धा आणली होती. वकील असलेल्या एका सभासदाने समितीला शांतपणे समजावलं, की इथे तसलं काही करू नका. चहा सगळ्यांना आहे, तो पाहुण्यालाही द्या. पाहुण्यासाठी म्हणून वेगळं काहीच नको.

मला हे बंधन वाटतं तितकं वाईट वाटत नाही. देण्यासारखी वस्तू हातात नसली की माणसाला बोलावं लागतं. मात्र त्यातून आलेली धास्ती वाईट आहे. नवीन चेहरा दिसला की हा कोण, कशाला आला, मोबाइलवर काही टिपत तर नाही ना, अशी कुजबुज आमच्याकडेही होते, आणि ती नव्या माणसाला पाठीवर जाणवते. तिला उपाय मला ठाऊक नाही. दार उघडं आहे, खिडक्या उघड्या आहेत, जे बोलतो ते माइकवर बोलतो, यापलीकडे काय करणार?

रजिस्टरचं मात्र केलं. ती लांबडी वही दारातल्या टेबलावर उघडी पडलेली असायची, कोणीही कोणाचाही नंबर, पत्ता वाचावा. तिच्यात एक रकाना ‘धर्म/मंडळी’ असाही होता. ती बंद केली. आता लहान चिठ्ठ्या आहेत, हव्या असतील तर भरायच्या: नाव, नंबर, आणि ‘कोणी फोन करावा का’ यापुढे हो किंवा नाही. नाही म्हणणाऱ्याला फोन जात नाही. हो म्हणणाऱ्याला पास्टरसाहेबांचा नव्हे, साध्या सभासदाचा फोन जातो, मंगळवार-बुधवारपर्यंत, आणि पाच मिनिटांपेक्षा जास्त नाही.

अशाच एका चिठ्ठीवरून पिथमपूरहून निवृत्त होऊन राऊला घर घेतलेले एक मराठी आजोबा जवळ आले. मूळ जालन्याकडचे. मी फोन केला, मराठीत बोलले, तर पलीकडे क्षणभर शांतता आणि मग ‘सलाम, बाई, सलाम’. त्यांना मंडळीत नाव घालायचं होतं. त्यासाठी आधीच्या मंडळीच्या पाळकांचं, म्हणजे पास्टरचं, पत्र लागतं. त्यांच्या गावच्या मंडळीत मधल्या काळात पाळक बदलले होते, जुनं रजिस्टर सापडत नव्हतं, आणि आमच्याकडून एकच ठरलेलं उत्तर, ‘लेटर ले आइए.’ ते दर रविवारी बसने यायचे आणि वर्ष उलटलं तरी रजिस्टरवर पाहुणेच होते. त्यांना मतदानाची हौस नव्हती. त्यांनी मला जिन्यापाशी गाठून विचारलं, ‘हिची तब्येत बरी नसते. उद्या काही झालं तर तुमच्या कब्रस्तानात जागा मिळेल ना?’

स्वागताबद्दल आम्ही घातलेल्या सगळ्या वादात हा प्रश्न कोणी मनातही आणला नव्हता. मुलीच्या लग्नाची सूचना चर्चमध्ये वाचली जाणं, नातवाचा बाप्तिस्मा, मेल्यावर माती कुठे: म्हाताऱ्या माणसाला चर्च म्हणजे हे असतं. पास्टरसाहेबांनी स्वतः त्यांच्या गावच्या पाळकांशी फोनवर बोलून पत्र मागवलं; बाप्तिस्म्याच्या जुन्या दाखल्याची प्रत आणि दोन सभासदांची साक्ष जोडली. पुढच्या प्रभुभोजनाच्या रविवारी दोघा नवरा-बायकोंची नावं सभासद म्हणून वाचली गेली. तेव्हा मात्र त्यांना उभं राहायला सांगितलं, आणि ते राहिलेसुद्धा, चांगले ताठ. आता समितीने पास्टरेट कमिटीपुढे ठेवलं आहे की दाखला मागवायचं काम मंडळीच्या ऑफिसने करावं, येणाऱ्याच्या गळ्यात घालू नये. ठराव अजून झालेला नाही. कमिटीची निवडणूक जवळ आली आहे, आणि दोन उमेदवारांचं म्हणणं आहे की मागचं फाटक रविवारी उघडं ठेवलं तर गाड्या कुठे लावायच्या, ते आधी सांगा.